पहिली पिशवी

"पहिले तुझी पिशवी दाखव, मा."

आमचे रावसर मला म्हणाले, इकडच्या तमिळ रीतीनं बाईमाणसाला लावतात तो 'मा' लावून. भरदुपारी, एग्मोरच्या ऑफिसात, सगळ्यांदेखत. शेजारच्या कविताचा मोबाइल सापडत नव्हता. बाकी कुणाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

हेच रावसर पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून खुर्चीतून उठले होते. भोसले! ते पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी. त्यांच्या लेखी भोसले म्हणजे राजघराणं. मला 'तुम्ही' म्हणायचे, घरचं सांबार आग्रहानं वाढायचे. मी त्यांचा समज मोडला नाही. त्या मानाची चव लागली होती, खोटं कशाला बोलू. मग जात पडताळणीसाठी गावी जायला रजा मागितली. अर्जात लिहिलं, पारधी; आमच्यातही भोसले असतात. दुसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं.

आमचं काम परदेशातल्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं. आयर्लंडचे कैदी जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडले, त्यांच्या नोंदी. त्यातली ब्रिजेट मीच टाइप केली. वय एकोणीस. एक शाल चोरली. शिक्षा सात वर्षं. डाव्या हातावर भाजल्याचा डाग. पुढे तिच्या सुटकेचा कागद. तिच्या वंशातल्या एका बाईचं ऑस्ट्रेलियातून पत्र आलं, आमची खापरपणजी सापडली, आम्हाला तिचा अभिमान वाटतो. रावसरांनी ते उभं राहून वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. दुरून डोंगर साजरे, तसा दूरचा चोरही साजरा.

माझ्या आजानं शालही चोरली नव्हती. पारध्याच्या पोटी जन्मला, म्हणून इंग्रजांनी गुन्हेगार ठरवून त्याला सोलापूरला तारेच्या कुंपणात ठेवला. रोज हजेरी. इंग्रज गेले, तारा निघाल्या. तरी गावात कोंबडी हरवली की पोलीस आमच्याच पालावर येतात. ब्रिजेटच्या शिक्षेला आकडा होता. आमच्या शिक्षेला तो कुणी घातलाच नाही.

पिशवी उघडली असती तर दोन मिनिटांत सुटले असते. नाही उघडली तर चोर ठरणार, नोकरीही जाणार. हात चेनपर्यंत गेला होता. लहानपणापासूनची सवय. त्या सवयीचीच मला चीड आली.

मी म्हणाले, "सगळ्यांच्या उघडा. तुमची पहिली."

"मी मॅनेजर आहे, मा."

"मी पारधी आहे. म्हणून पहिली उघडणार नाही."

कुणीच पिशवी उघडली नाही. कविता खाली बघत राहिली. रावसर घरी जा म्हणाले. मी गेले नाही. गेले असते तर पळाली म्हणाले असते. पिशवी मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत टाइप करत बसले, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. मोबाइल मिळाला की नाही, मी विचारलं नाही.

आता कुठेही गेले तरी आडनावापाठोपाठ जात मीच सांगते. उसना मान नको. झडती घ्यायची असेल तर ओळीनं घ्या. माझ्यापासून सुरू केलीत, तर तुमचा हात मनगटापाशी धरीन.