तिनं आखलेली सहल

परवा पुतणीच्या साखरपुड्यात अण्णांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. पंगतीत नवे पाहुणे बसले की त्यांना केरळ आठवतंच. "कुटं उतरायचं, कुटली बोट धरायची, वेलदोड्याचे मळे कुटं, सगळं मीच आखलं की!" व्याही कौतुकानं ऐकत होते. माझी बायको वाढत होती. अण्णांच्या पानात तिनं भात वाढला, वर तूप सोडलं आणि पुढे सरकली. मला राग अण्णांचा आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. कारण दर वेळेसारखी याही वेळी मी हसून मान डोलावली होती.

आता हे लिहूनच टाकतो. त्या सहलीतलं एक पाऊलही अण्णांनी आखलं नव्हतं. ती सहल माझ्या बायकोची होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. शुक्रवार पेठेत आमचं मसाल्याचं दुकान, मागं घर. गल्ल्यावर अण्णा, तागडीवर मी. घराच्या माडीवरची खोली आम्ही एका नर्सबाईंना भाड्यानं दिली होती. त्या केरळच्या, इथं दवाखान्यात नोकरीला. बायकोची आणि त्यांची गट्टी जमली. एकदा जिन्यात दोघी बोलत होत्या.

"आमच्याकडे गल्लीत पाणी, ताई. शाळेला होडीनं."

"गल्लीत नळ हाय म्हणा की."

"नळ नाही हो! गल्लीच पाणी. दारातून पाय खाली सोडला, की ओला."

माझ्या बायकोनं दुष्काळातले दोन उन्हाळे टँकरच्या रांगेत कळशी घेऊन काढले होते. ती त्या दिवशी खूप हसली, आणि मग हसायची थांबली. त्या रात्री मला म्हणाली, "एकदा बघून येऊ. आठच दिवस."

पुढचे दोन महिने ती आखत होती. मद्रासला गाडी बदलायची, एर्नाकुलमला उतरायचं, बसनं आलेप्पी, तिथून सकाळची बोट धरून कोट्टायम, मग डोंगर. एक दिवस नुसत्या समुद्रासाठी ठेवलेला. आम्ही लिंगायत, तिची रोजची लिंगपूजा झाल्याशिवाय ती अन्न घेत नाही. तर कुठल्या गावात पूजेला जागा मिळेल, शाकाहारी खानावळ कुठं आहे, हेसुद्धा तिनं नर्सबाईंना त्यांच्या घरी पत्र घालायला लावून विचारून घेतलं होतं. नर्सबाईंचे थोरले भाऊ कोट्टायमला राहत. ते बोटीच्या धक्क्यावर येणार होते. हे सगळं तिनं कॅलेंडरच्या पानामागं बारीक अक्षरात लिहिलं होतं.

राहिलं होतं एवढंच, की अण्णांना विचारायचं. आणि ते मला जमेना.

आमच्या घरात माणूस गाव सोडायचा तो देवाला, लग्नाला नाहीतर खरेदीला. नुसतं हिंडायला जायचं, तेही बायकोला घेऊन, असं वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मी तीस वर्षांचा घोडा, एका मुलाचा बाप, आणि ते वाक्य म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. म्हणून मी बायकोला अक्कल शिकवली. "असं कर, मिरी-वेलदोड्याचं सांग. मळ्यावरच माल बघता येतो म्हण. अण्णा लगेच हो म्हणतील."

ती नको म्हणत होती. "आपण हिंडायलाच चाललोय की. तसंच सांगा ना तुमी."

मी सांगितलं नाही. शेवटी तीच डोक्यावरचा पदर सावरत दाराशी उभी राहिली आणि मी पढवलं तसं बोलली. कॅलेंडरचं पान अण्णांच्या हातात गेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला.

"लई झकास! आपण दोघं जाऊ रे."

मी म्हणालो, "आन ही?"

"खरेदीला बाई?" अण्णा खरोखर चकित झाले. "पेठेत काय तोंड दाखवायचं? दुकान बायकोच्या पदराला बांधलं म्हणतील."

आतून वहिनी म्हणाल्या, "समुद्रात डुंबायचं मनात असंल बाईच्या!" आणि सगळे हसले.

खरेदीला बाई न्यायची नाही, ही रीत मला ठाऊक नव्हती काय? लहानपणापासून ठाऊक होती. आणि तरी तिच्या सहलीची मी माझ्या हातानं खरेदीची फेरी करून टाकली. तेव्हासुद्धा एका वाक्यानं सगळं सावरलं असतं: अण्णा, ही तिची सहल आहे. ते वाक्य मी म्हणालो नाही. बायको माझ्याकडे बघत होती. मी चपला घालून दुकानात निघून गेलो. आमची बॅग तिनंच भरून दिली.

कोट्टायमच्या धक्क्यावर नर्सबाईंचे भाऊ उभे होते. सोबत त्यांची बायको, हातात मोगऱ्याचा गजरा. बोटीतून आम्ही दोघं बाप्ये उतरलो. त्या बाई आमच्या मागं बघत राहिल्या. सगळी बोट रिकामी होईपर्यंत. भावांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "बहन कहाँ?"

अण्णा म्हणाले, "बीमार है." मी मान हलवली. त्या बाईंनी गजरा माझ्याकडे दिला, तिला द्या म्हणून खूण केली. अण्णांसमोर तो बाळगायची मला लाज वाटली. मुक्कामाच्या खोलीत खिडकीत ठेवला, तिथंच सोडून आलो.

परत आल्यावर बायकोनं एकच विचारलं, "पाणी कसं होतं?"

मी म्हणालो, "पाण्यात काय बघायचंय? डास, चिखल. आली असतीस तर कंटाळली असतीस."

माझी समजूत अशी की मी तिचं दुःख हलकं करतोय. डोंबलाचं दुःख हलकं! मला तिच्यापुढं उभं राहणं सोपं जावं, म्हणून मी त्या पाण्याची नालस्ती केली. आणि पुढं वीस वर्षं, कुणी केरळचं नाव काढलं की, तेच म्हणत राहिलो. पंधरा दिवसांनी नर्सबाईंना भावाचं पत्र आलं: ताईंची तब्येत कशी आहे? त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरी आहे म्हणून कळवा." मला एका शब्दानं विचारलं नाही. मलाही वाटलं, सुटलो.

साखरपुड्याहून घरी आलो आणि दिवाणावर बसून मी तिला सगळं सांगितलं. गजऱ्याचं, आजारपणाचं. पाणी सुंदर होतं, हेही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. तिचा आवाज चढला. एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"नेलं नाही ते नेलं नाही. पण बघून आलेलं तरी नीट सांगायचं होतं! सांगा आता. बोटीत चढलात तिथपासून."

मी सांगायला लागलो. बोटीला लाकडी बाकं होती. एका घराच्या पायरीवर एक म्हातारी भांडी घासत होती. बदकं होती, पुष्कळ. मग मी थांबलो. पुढचं आठवेना. पाणी हिरवं होतं की काळं, तेही सांगता येईना.

"मग?"

"एवढंच आठवतंय."

"एवढंच?" ती उठून उभी राहिली. "अख्ख्या सकाळची बोट होती ती. मला नेलं असतं ना, तर मी तुमाला वळणन् वळण सांगितलं असतं."