वरचा बोलला

तीस वर्षं अंगावर खाकी होती, पण ते प्रकरण मनात आलं की मी आजही एकटीच हसते.

मंचेरियलच्या कोळसापट्ट्यात मी तेव्हा सब-इन्स्पेक्टर होते. मार्चअखेर होती. खाण कंपनीचं वर्ष तिथंच संपतं, त्यामुळे उत्पादनाचं टार्गेट गाठायला सगळे धावत असतात. अशात एका खाणीच्या मॅनेजरनं तक्रार दिली, की मायनिंग सरदारानं भर पाळीत सात माणसं बाहेर काढून काम बंद पाडलं. सरदार म्हणजे खाली माणसांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर, तो. पाठोपाठ निनावी फोन आला: या माणसाला कोणीतरी फितवलंय.

सरदार बेज्जूरकडचे, मराठीच बोलणारे. रिटायर व्हायला वर्ष उरलेलं. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेली असती. मी जबाबाला बोलावलं. काम का थांबवलं विचारलं, तर एकच उत्तर.

"वरचा बोलला, मॅडम. मंग आमी निंगालो."

झालं. जनरल डायरीत नोंद केली आणि हा 'वरचा' शोधायला निघाले. दोन दिवस सरदाराच्या वरचे ओव्हरमन, युनियनवाले, ऑफिसातले साहेब, सगळ्यांना विचारलं, हुकूम कोणी दिला? सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

तिसऱ्या दिवशी सरदारांना पुन्हा बोलावलं आणि आवाज चढवला. "काका, हा वरचा रोज बोलतो का तुमच्याशी?"

"रोज नाई. ठोकलं का बोलते."

माझा पेन थांबला. "साहेबाला ठोकता तुम्ही?"

"साहेबाले कोन ठोकन, मॅडम? नोकरी करून राह्यलो ना मी. डोक्यावरच्या दगडाले ठोकतो. काठीनं."

चहा आणलेली आमची कॉन्स्टेबल पाठ फिरवून हसत होती. काकांनी मग टेबलावर बोट वाजवून मला शिकवलं. छत पक्कं असलं की टणक आवाज येतो, सुटत आलं की पोकळ. त्या दिवशी पोकळ आला होता.

मी मॅनेजरना फोन केला. त्यांनी सुरक्षा अधिकाऱ्याला खाली पाठवलं. काम बंद पडल्यापासून तिकडं कोणी गेलं नव्हतं; ती सात माणसं काम करत होती, नेमकं तिथंच छत कोसळलेलं. संध्याकाळी मॅनेजर स्वतः ठाण्यात आले, तक्रार मागे घेतली आणि काकांपुढे हात जोडले. मोठा माणूस असा चूक कबूल करताना मी फार वेळा पाहिला नाही. काकांनी त्यांचे हात धरून खाली केले.

"राहू द्या साहेब. बाजूच्या गाळ्यात पहिले टेकू लावा, तिथलाबी बोलून राह्यला."

तेव्हापासून जबाब घेताना ओळखीचा वाटणारा शब्दही मी समोरच्याला अर्थ विचारूनच लिहिला. तो निनावी फोन करणारा कोण, ते कधी कळलं नाही.

पुढे त्या वर्षाचा अहवाल पाहायला मिळाला. त्या खाणीचं उत्पादन घटलेलं, टार्गेट चुकलेलं. मृत्यूच्या रकान्यात शून्य. वाचणारा त्यावरून पटकन पुढे जाईल. मला मात्र त्या शून्यात सात माणसं डबे उचलून घरी चाललेली दिसतात.