कोणाचाच नसलेला कार्यक्रम

नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांनी कागदावरच्या उतरत्या रेषेवर पेन टेकवलं आणि म्हणाले, "उजवा गेला. डावा ठेवायचा असेल तर स्पीकरपुढून उठा."

अर्धापूरला माझी डीजेची गाडी होती. टेम्पोवर स्पीकरच्या पेट्यांची भिंत, मागे जनरेटर, मधल्या जागेत मी. वराती आणि मिरवणुका करता करता केस पिकले. काम यादीनं करायची सवय. डिझेल, फ्यूज, जादा वायर, परवानगीची झेरॉक्स, पेट्यांवर टाकायचं प्लास्टिक. कानात घालायचा कापूसही यादीत असायचा. पण कापूस घातला की नवरदेवाचे मित्र कोणतं गाणं मागतात ते कळत नसे, म्हणून तो खिशातच राही.

बायको पाहुण्यांना सांगायची, "यांच्या उजव्या अंगाला बसून बोलू नका. देवापुढं बोलल्यासारखं हाय. ऐकलं का न्हाई, काही पत्ता लागत न्हाई."

म्हणून क्लब काढायचं ठरवलं. पुण्यात आणि हैदराबादला जाऊन दोन-चार क्लब पाहून आलो. लोक दारातून आत येतात, नाचतात, जातात. मालक काचेच्या खोलीत बसतो. मला ती काचेची खोली हवी होती. नांदेडात काढला असता तर लोकांनी दारातच विचारलं असतं, गाडी कधी मोकळी आहे. म्हणून लातूर. एका कोचिंग क्लासनं सोडलेला पहिल्या मजल्यावरचा हॉल मिळाला. घरमालकांनी विचारलं, "नाच शिकवणार का?"

"नाही. नाचायला जागा देणार."

"त्याला जागा कशाला लागते?"

मी हसून विषय बदलला. भिंतींना आवाज शोषणारे तक्ते बसवले, कडेनं सोफे, मधे चकचकीत फरशी. दारू ठेवायची नाही हे बायकोनं आधीच सांगितलं होतं. समोर मुलींचं वसतिगृह, तिथं परीक्षा कायमच्या, म्हणून अंधार पडल्यावर लवकरच बंद करायचं असं मी ठरवलं. गाणी वाजवायला आमच्या अर्धापूरचीच एक मुलगी ठेवली. पुण्यात साउंडचं शिकून आलेली, हात सफाईदार, मला काका म्हणणारी. गाडी मात्र विकली नाही, ताडपत्री घालून शेडमध्ये ठेवली. हॉल चालला नाही तर पुन्हा तिच्यावर चढायचं आणि डावा कानही घालवायचा, हे मला आणि बायकोला ठाऊक होतं.

उद्घाटनाला रविवारी दुपारनंतर लोक बरे आले. डाळ मिलवाले, शिक्षक, दोन डॉक्टर, सगळे कुटुंबासह. हिमायतनगरहून माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पायऱ्या चढतानाच म्हणाले, "नाइटक्लब म्हणता पाव्हणं, अन् उन्हातच उघडून राहिले."

संगीत सुरू झालं. कोणी उठेना. बायका एका भिंतीला, पुरुष दुसऱ्या. फरशी नुकती पुसली आहे आणि वाळायची वाट पाहायची आहे, तसे सगळे मधल्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. मुलीनं गाणं बदललं, दिवे बदलले, पुन्हा गाणं बदललं.

एका बाईंनी मला जवळ बोलावलं. "कोणाचं आहे हे?"

"आमचंच आहे, ताई."

"तसं न्हाई. वाढदिवस हाय, साखरपुडा हाय, काय हाय?"

"काही नाही. नुसतं नाचायचं."

"असं कसं? आपण कोणाचे पाहुणे, ते तर कळाय पाहिजे."

इतकी वर्षं मी गाडीवरून हेच पाहत आलो होतो. वरातीत आपणहून कोणी नाचत नाही. आधी घरच्या जावयाला ओढतात. तो नको म्हणतो, पाय दुखतो म्हणतो, मागे सरकतो. मग तो नाचला की बाकीच्यांना मोकळीक मिळते. सोफ्यांच्या कापडापासून आग विझवायच्या नळकांड्यापर्यंत सगळं मी यादीत घेतलं होतं. जावई घेतला नव्हता.

बायको डाव्या बाजूनं येऊन म्हणाली, "दाजींना ओढा."

मी गेलो, हात धरला.

"न्हाई हो, पाव्हणं. गुडघ्यात वंगण न्हाई राहिलं."

"चला, दाजी."

"अन् असं कोरडंच?"

बायकोनं नवा टॉवेल कुठून आणला कोण जाणे. तिनं तो त्यांच्या खांद्यावर टाकला, कुंकू लावलं, हातात नारळ दिला. दाजी उठले. नारळ सोफ्यावर ठेवून त्यांनी दोन्ही हात वर केले. "जावयाचं हाय, जावयाचं," कोणीतरी म्हणालं, आणि फरशी भरली.

हॉल चालला. पण तसाच चालला. नवा ट्रॅक्टर, निवृत्ती, हळद, मुलाचा मेडिकलला नंबर. दर वेळी कोणीतरी मानाचा लागतो आणि त्याला ओढावं लागतं. गाणी लावणाऱ्या मुलीनं ओढून पाहिलं, ते उठत नाहीत. "मालक कुठं हाय?" म्हणतात. मालकानं हात धरला तरच मान. म्हणून दर रविवारी मी स्पीकरच्या पेट्यांच्या पुढ्यात, एखाद्या मावसाजींची मनधरणी करत उभा. काचेच्या खोलीत माझी खुर्ची रिकामी. पाय सुजायचे, डोकं घणघणायचं.

डॉक्टरांनी पुन्हा रेषा काढली. डावीही उतरू लागली होती.

नांदेडहून परतताना बसमध्ये बायको म्हणाली, "या रविवारपासून मी ओढते."

"लोक काय म्हणतील?"

"वहिनीला नको म्हणणारा दीर दाखवा मला."

"ते दीर नाहीत. गिऱ्हाईक आहेत."

"टॉवेल खांद्यावर पडला की होतेत."

मी वाद घातला नाही. वाद घालायलाही ऐकू यावं लागतं आणि बस खडखडत होती.

रविवारी दार लावून खोलीत बसलो. काचेला पडदा ओढला, कारण तिनं एखाद्या अनोळखी माणसाचा हात धरलेला मला बघवला नसता. बराच वेळ काहीच कळेना. मग खुर्चीचे पाय फरशीवर थरथरू लागले, म्हणजे लोक उठले होते. मी चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवले आणि डोळे मिटले.