जिन्यावरच्या बाई

मुलीच्या छातीत आवाज येतो म्हणून अंबरपेठेतल्या डॉक्टरांनी आम्हाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. जिना चढताना माझी चार वर्षांची लेक नेहमीसारखी मध्येच उकिडवी बसली. "नाटकं पुरे, ऊठ," म्हणत मी तिचा दंड ओढला. जिन्याशी पहाऱ्याला असलेल्या बाईंनी माझा हात हलकेच सोडवला आणि त्याही तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या.

"उठाओ नक्को, अम्मा. ऐसा बैठे तो दम आता बच्ची को. डाक्टर को बोले क्या?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आत सांगताच डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि लगेच इको केला. हृदयात जन्मापासूनचा दोष निघाला.

ऑपरेशन नीट झालं. घरी निघताना मी बाईंचे हात धरले.

"मैं क्या करी, अम्मा? बच्चों को देखती, बस."

चार वर्षं बघत तर मीही होते.