एका गाईचा कळप

"अहो आजोबा, ही गाय आहे की मिरवणूक? ट्रकातल्या सोयाबीनला कोंब फुटतील माझ्या!" मला वाटेत गाडीत घेतलेला ट्रकवाला खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन ओरडत होता. अर्जेंटिनाच्या त्या सपाट गवताळ मुलखात आवाजाला अडवणारं काहीच नाही. पार समुद्रातले मासे दचकले असतील. घोड्यावरच्या आन्सेल्मो आजोबांची मात्र टोपीसुद्धा हलली नाही.

"थांब की रे, कळप जातोय!" दुकानाच्या दारातली बाई ट्रकवाल्यावर खेकसली.

गावाचा रिवाजच तसा आहे. रस्त्यात गुरं आली की गाड्यांनी थांबायचं. पण आता गुरं उरलीत कुठं? सगळ्यांनी ती विकून कुरणांत सोयाबीन पेरलं. आजोबांनी एक गाय राखली, आणि रोज भरदुपारी ते तिला गावाच्या मधोमध नेतात. पुढं कुत्रा, मागं कुत्रा, खोगिराला गुरं पकडायचा दोरीचा फास, आणि थाट असा की हजार शिंगं चालली आहेत. मागं ट्रक तुंबलेले. शेवटचा बहुधा शेजारच्या देशात असावा.

तिथलं आभाळ एवढं अवाढव्य, की त्याखाली एखादा माणूस मुकाट्यानं हरला तर कुणाला पत्ताही लागायचा नाही. म्हणूनच हा म्हातारा रोज अख्खं गाव थांबवतो. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

न राहवून मी खाली उतरलो आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "आजोबा, एका गाईसाठी घोडा, दोन कुत्री, वर फास?"

माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "पळाली तर?"