आप्पांची गाडी भांडगावला का जायची

विलास गेल्याचा फोन मला आप्पांनी केला. आप्पा म्हणजे माझे वडील. वडगाव रासाईला शेतावर राहतात. फोन उचलायचाही त्यांना कंटाळा, करणं तर लांबच. त्या दुपारी शिरूरला माझ्या गॅरेजवर मी एका गाडीखाली पडलो होतो. फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला... मग, "दत्ता, आपला इलास गेला रं. जेवून उठला आन् बसल्या जागी गेला." आणि आप्पा रडायला लागले. आई गेली तेव्हाही त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. माझा इतक्या वर्षांचा मित्र गेला होता, आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की माझ्यासाठी हे असे रडतील का? लिहायला लाज वाटते. पण त्याला आता सव्वा महिना झाला, आणि चांगलं तेवढंच लिहिणारे दुसरे पुष्कळ आहेत.

विलास आणि मी दौंडला एकाच मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. एका डब्यात जेवलो, एकाच वेळी शिव्या खाल्ल्या. पुढे रांजणगावच्या कंपन्यांतल्या लोकांच्या गाड्या मिळतील म्हणून मी शिरूरला गॅरेज टाकलं, त्यानं भांडगावला हायवेला लागून पत्र्याची शेड उभी केली. गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर मी आधी घेतला, गाडी उचलायची लिफ्टही मीच आधी बसवली. तरी माझी गिऱ्हाईकं जाता जाता म्हणायची, "एकदा भांडगावला दाखवून घेतो." ते मी गिळलं. गिऱ्हाईक आज येतं, उद्या जातं. घरच्या गाडीचं मात्र मला गिळता आलं नाही.

आप्पांची पेट्रोल गाडी तेव्हाच दहा-अकरा वर्षांची होती. तिच्या मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, ॲव्हरेज पडलं. स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला. हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात इंजिनच्या बाजूला बसवलेला असतो. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो सांगतो, आणि त्यावरून इंजिनला पेट्रोल कमी-जास्त मिळतं. मी बाजारातून कुठल्याही गाडीला चालेल असा चार तारांचा सेन्सर आणला, जुन्याच्या तारा कापून त्याला जोडल्या. तीन महिन्यांत दिवा परत लागला. मग पुण्याहून त्याच गाडीचा, चांगल्यातला मागवला. तोही दिवाळीच्या आत गेला. आप्पा काही बोलले नाहीत. आप्पांचं न बोलणं म्हणजे काय, हे मला लहानपणापासून पाठ आहे.

त्याच हिवाळ्यात दौंडच्या बाजूला एका लग्नाला निघालो होतो. भांडगावला सहज मान वळवली, तर विलासच्या दारात आप्पांची गाडी! मी गाडी बाजूला घेतली. आप्पा चाकापाशी उकिडवे बसले होते, टोपी मांडीवर. विलासनं धूर कोंडायला सायलेन्सरच्या तोंडात ओला बोळा धरायला माणूस बसवला होता, इंजिन गार असतानाच चालू केलं होतं आणि पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडत होता. "ह्ये बघा आप्पा, हितनं फुगं येत्यात. गाडी पळताना हितनंच बाहेरची हवा आत जाती, आन् सेन्सरला वाटतं, पेट्रोलच कमी पडतंय." आणि आप्पा चक्क हसत होते. माझा असा जळफळाट झाला, की लग्न, आहेर सगळं डोक्यातून गेलं.

मला बघून आप्पा गडबडले. "आरं, हिकडंच आलतो... म्हनलं दावावी." विलासनं मी बसवलेला सेन्सर सोडवला. त्याचं टोक पांढरंफेक होतं, पिठात बुडवल्यासारखं. त्यानं एकदा टोकाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि आप्पांना म्हणाला, "हल्ली मालच बोगस येतो आप्पा. दत्ताचा काय दोष न्हाई."

मग मला शेडच्या मागं घेऊन गेला. "दत्त्या, जोडाला सिलिकॉन लावलंस व्हय?"

"लावलं. दोन्ही वेळंला."

"त्याचीच वाफ बसती रं सेन्सरवर. जोड फुटला तर गॅस्केट बदलायचं, ट्यूब पिळायची न्हाई."

आम्ही मिस्त्री लोक, गळती दिसली की हात आपोआप फट बुजवायच्या सिलिकॉनच्या ट्यूबकडं जातो. सेन्सर खराब नव्हतेच, मी माझ्या हातानं मारले होते, आणि विलासनं आप्पांसमोर मला वाचवलं होतं. त्याबद्दल त्याचे उपकार मानायला हवे होते. मला उलट राग आला. सरळ तोंडावर पाडलं असतं तर निदान भांडता आलं असतं... त्यानं नवं गॅस्केट टाकलं, जुन्यावरचा नंबर आणि कनेक्टर ताडून सेन्सर आणला, एकही तार कापली नाही. तो सेन्सर पाच वर्षं चालला. तेवढी पाच वर्षं साध्या ऑइल बदलीलाही गाडी नदी ओलांडून भांडगावला जात राहिली.

गेल्या आठवड्यात तो पिवळा दिवा पुन्हा लागला. आप्पा शिरूरला आले, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. विलास असता तर आले नसते, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळत होतं. मी पोऱ्याला ओला बोळा धरायला लावला, साबणाचं पाणी केलं. कुठंच फुगे नव्हते. सेन्सर वयानंच थकला होता. इंजिन थोडं कोमट करून तो सोडवला, आणि पाठमोरा असतानाच बोलून टाकलं, "आप्पा, तवाचं दोन्ही सेन्सर म्याच मारलं हुतं. इलास खोटं बोलला."

"ठावं हाय. पत्र्याच्या अलीकडं मीच हुतो की. भैरा हाय व्हय मी?"

"मग येवढी वर्सं बोलला न्हाईत?"

"चुकत कोन न्हाई? त्येचं काय न्हवतं. म्या काय इचारलं की तू म्हनायचास, आप्पा, तुम्ही बसा खुर्चीत, तुम्हाला न्हाई कळायचं. त्यो म्हनायचा, आप्पा, खाली या, बगा."

मी म्हणालो, "मग या खाली."

ते गुडघ्यावर हात टेकत चाकापाशी बसले. मी जुना सेन्सर त्यांच्या तळहातावर ठेवला. याचं टोक पांढरं का नाही, नवा घेताना नंबर कुठं बघायचा, वायर पाइपाला का चिकटू द्यायची नाही, सगळं सांगितलं. आप्पांनी मधेमधे विचारलं, मी चिडलो नाही. नवा सेन्सर बसला, स्कॅनरनं जुना कोड पुसून गाडी चालू केली, दिवा विझला. आप्पा खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "ब्येस! अक्षी इलाससारखं केलंस."

त्यांना ती शाबासकीच वाटत होती. मी "व्हय" म्हणालो आणि पान्हे गोळा करायला लागलो.