जव्हार ते मोखाडा: आठ कोस आणि एक बारसं

भावाची चिठ्ठी आली. 'मुलगी झाली. बारसं सोमवारी. नाव आत्यानेच ठेवायचं, पण दिवेलागणीच्या आत ये. माझ्या सासूबाई त्यापुढे थांबायच्या नाहीत.' वहिनीची आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती, तेव्हा न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

मी जव्हारच्या कन्याशाळेत गणित शिकवते. मोखाडा आठ कोस, बैलगाडी तासाला कोसभर चालते, म्हणजे आठ तास. सकाळी सातला निघाले की तीनला हजर! ज्यांना जायचं असेल त्यांनी पांघरूण मात्र घ्यावं, मार्गशीर्षात गाडीवरच्या बांबूच्या तट्ट्यासकट सारं दवाने भिजतं. गाडीभाडं एक रुपया, बैलांची पेंड वेगळी.

गाडीवाले जानूबाबा म्हातारे, बैल त्यांच्याहून म्हातारे. संस्थानच्या नाक्यावर शिपायाने पेटी उघडायला लावली आणि बाळाची टोपडी एकेक करून उलटी केली. मला राग आला, पण टोपडं हातात घेऊन तो इतका हसला की राग टिकेना. पुढे कापणी झालेली भातखाचरं, आणि लांबवर सूर्यमाळचा डोंगर.

ओढ्यापाशी मोळी घेऊन जाणारी बाई भेटली. विचारलं, "मोखाडा किती राहिलं?"

"ता काय, जवळच आहा."

मग काय, मी निवांत नागलीची भाकरी नि लसणाची चटणी खाल्ली, नवं लुगडं नेसले, केस विंचरले. तासभर सहज गेला. पुढे एका गुराख्याला विचारलं, तोही म्हणाला जवळच. चढ लागला, बैल थांबू लागले, ऊन उतरलं, आणि तिसऱ्या माणसानेही तेच सांगितल्यावर माझा तोल सुटला.

"बाबा, तुमची माणसं खोटं का बोलतात?"

"खोटा नाय, बाई. दमल्या माणसाला लांब सांगत नाय. लांब सांगला का पाय मोडतात त्याचं."

मी खाली उतरून गाडीच्या पुढे चालू लागले.

पोहोचले तेव्हा देवापाशी दिवा लागला होता आणि बायका घुगऱ्यांच्या ओट्या घेऊन बाहेर पडत होत्या. शेजारणीने कानात कुर्र करून सरस्वती नाव ठेवलं होतं. भावाच्या सासूबाई माझ्याकडे न बघताच आत गेल्या. मी उंबऱ्यातच बसले आणि खरं सांगते, रडले.

वहिनीने खोलीत बोलावलं, दार लोटलं. "वन्सं, हिला नाव सांगा."

"ठेवलं की आता."

"त्यांनी सांगितलं. मी कान झाकलेलेच होते हिचे, तळव्यांनी घट्ट. काही ऐकू गेलेलं नाही तिला."

मी वाकले आणि कानात 'वेणू' म्हटलं. वहिनी हसली, मग तिचेही डोळे भरले.

दोन दिवस राहून परत आले. पाय आठवडाभर दुखले, गणितावरचा विश्वास थोडा कमी झाला. आता पोर सहा महिन्यांची झाली, काल भावाचं पत्र आलं. सासूबाई सरस्वती, सरस्वती म्हणून खुळखुळा वाजवून थकतात, पोर ढुंकून बघत नाही. वहिनी दुसऱ्या खोलीतून हळूच वेणू म्हणते, की लगेच मान वळते.